लान्सीची कटिंगची खोली

मनामा, १४ फेब्रुवारी १९८३

प्रिय मॅगीबाय,

होय, खरं आहे. लान्सीच्या कटिंगच्या खोलीत आता बायकांसाठी संडास आहे, हात धुवायला बेसिन आहे आणि बसायला दोन बाकं आहेत. रॉबर्टने तुम्हाला सांगितलं त्यात खोटं काही नाही. खोली मीच दिली. कोणी माझ्याकडून हिसकावून घेतली नाही.

रॉबर्ट नंदाखालच्या सुट्टीवरून परत आला तो थेट दुकानातच आला. इथल्या हॉटेलात कामाला जायचा युनिफॉर्म अंगावर, हातात तुम्ही दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी. पिशवी माझ्या शर्लीच्या नावाने होती. माझ्या नावाने निरोप होता. रॉबर्टला तो सांगवेना, मीच खोदून विचारलं. "मॅगीबाय म्हणाल्या, माझ्या भावाने ज्या खोलीत घाम गाळला तिथे तिने परक्या बायकांना संडासाला बसवलं. ज्या लोकांशी भांडून तो गेला त्यांच्याच मांडीला मांडी लावून ती बसते. तिला म्हणावं, मला पत्र टाकू नकोस."

तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. लग्न होऊन नंदाखालला आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. चुलीपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं मला तुम्ही दाखवलंत. आज पहिल्यांदा तुमचा शब्द मोडते आहे आणि पत्र टाकते आहे. वाचलं नाहीत तरी चालेल, फक्त फाडू नका. शर्ली मोठी झाली की तिला वाचता येईल. तिला मराठी कळतं, पण मी काही विचारलं की उत्तर इंग्रजीत देते. पत्र वाचायला तरी शिकेल.

आमची गल्ली तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून थोडं सांगते. बाब अल बहरीनच्या कमानीतून आत शिरलं की सोन्याची दुकानं लागतात, मग कापडवाले, आणि कापडवाल्यांमधून डावीकडे वळलं की आमची गल्ली. एकेचाळीस दुकानं. शिंपी, बटणं-लेसवाले, घड्याळवाले, अत्तरवाले. दोन बायका शेजारी शेजारी चालल्या की तिसरीला थांबावं लागे. लान्सीने चौऱ्याहत्तर साली दुकान घातलं तेव्हा पैसा नुसता वाहत होता. मालकिणी ड्रायव्हरला घेऊन यायच्या, आठ-आठ झगे एकदम शिवायला टाकायच्या.

मग पलीकडच्या हमरस्त्यावर नवं कॉम्प्लेक्स उघडलं. आत थंडगार एसी, काचेची दारं, मोटार ठेवायला जागा. आणि आमच्याकडे? गटाराचा वास, वर उघडं ऊन, पायात पुठ्ठ्याची खोकी. एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात असे दिवस गेले की सकाळपासून शटर वर आणि माप घ्यायला एक माणूस नाही.

तेव्हा हमीदाआंटींनी गल्लीची कमिटी काढली. हमीदाआंटी म्हणजे आमच्या जागेची मालकीण, इथल्याच. नवरा वारल्यावर गल्लीतले तीन गाळे त्यांच्याकडे आले. दुकानाचं लायसन्सही त्यांच्याच नावावर आहे. जुन्या व्यापारी घरातल्या, मुंबईच्या लोकांशी बोलून बोलून मोडकं हिंदी शिकलेल्या. त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, "एक-एक दुकान मरेगा तो मालूम नहीं पडेगा. पूरा गल्ली साथ में करो." ज्याच्या दुकानाचं तोंड जेवढं रुंद तेवढी त्याची महिन्याची वर्गणी. त्यातून दोन झाडूवाले ठेवले, गटारावर लाद्या टाकल्या, वर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताडपत्रीची सावली ताणली, दर पाच दुकानांमागे एक दिवा लावला. घड्याळवाले बाळाजी रत्नागिरीचे. त्यांच्याकडे दिव्यांचं काम दिलं. बँकेत अकाउंटंट असलेले पुण्याचे गुरुप्रसाद लान्सीकडून शर्ट शिवून घेत, त्यांच्याकडे इंग्रजी अर्ज लिहायचं काम. ते दुकानदार नाहीत, तरी दर शुक्रवारी येऊन बसतात.

लान्सीचं आणि कमिटीचं वाजलं, हे खरं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तुमची,
फ्लॉरेन्स


मनामा, १० एप्रिल १९८३

प्रिय मॅगीबाय,

ईस्टर झाला. तुमचं उत्तर आलं नाही, येणार नाही हे ठाऊक होतं. तरी रोज पोस्टाच्या पेटीची किल्ली घेऊन जाते.

खोली कशी गेली ते सांगायचं राहिलं होतं.

गेल्या वर्षी बकरी ईदच्या आधीची सकाळ. उकाडा असा की खडू बोटांना चिकटत होता. एक बाई आली, बरोबर तिची सासू आणि चार वर्षांची मुलगी. ईदचे कपडे, सहा नग. मी सासूचं माप घेत होते. म्हातारी अस्वस्थ. सारखी सुनेच्या कानात काही बोले. सून म्हणाली, "इधर हम्माम है?" मी म्हटलं, मफी, नाही. बायकांसाठी अख्ख्या बाजारात कुठेच नाही. पुरुषांचं काय, ते मशिदीत जातात. म्हातारीने माझा हात बाजूला सारला, पुढे दोन पावलं गेली आणि माझ्या दुकानाच्या दारातच... मॅगीबाय, त्या म्हाताऱ्या बाईने ज्या प्रकारे अबाया तोंडावर ओढून घेतला, ते मी विसरणार नाही. सून रडायला लागली. सहा नगांचं कापड गुंडाळून त्या निघून गेल्या.

मी फरशी पुसली. पुसता पुसता मला कळलं की गिऱ्हाईक का टिकत नाही. सावली केली, दिवे लावले, गटार झाकलं, सगळं केलं. पण बाजारात कापड घ्यायला, माप द्यायला, बटणं निवडायला बायकाच येतात, आणि बाई तासाभरापेक्षा जास्त थांबूच शकत नाही. नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुसऱ्या मजल्यावर आरशांसकट सोय आहे. बायका तिथे एसीसाठी जात नव्हत्या.

त्या शुक्रवारच्या मीटिंगला मी गेले. लान्सी गेल्यापासून वर्गणी द्यायचे, पण मीटिंगला बसले नव्हते. बारा पुरुष आणि हमीदाआंटी. चहा आला. बाळाजी दिव्यांबद्दल बोलले, गुरुप्रसादांनी बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लिहिलेला अर्ज वाचून दाखवला. पुरुषांपुढे संडासाचं कसं बोलायचं?

हमीदाआंटी म्हणाल्या, "फ्लॉरेन्स, तुम आया, फिर चुप क्यूं है? बोलो, यल्ला."

मी बोलले. म्हातारीचंही सांगितलं. सगळे खाली पाहायला लागले. अत्तरवाला म्हणाला, "ऐसा चीज बाजार में अच्छा नहीं लगता." हमीदाआंटी त्याच्याकडे वळल्या. "तुम्हारा माँ कभी बाजार नहीं आता?"

बाळाजी म्हणाले, "वहिनी, विचार चांगलाच आहे, पण जागा कुठाय? गल्लीत टाचणी ठेवायला जागा नाही." खरंच नव्हती. एकेकाला विचारलं. कोणाचं गोदाम, कोणाची झोपायची जागा. गुरुप्रसाद म्हणाले की जागेला मागून दार हवं, पाण्याची लाइन जवळ हवी. ते बोलत असतानाच मला दिसलं की ते माझ्याच कटिंगच्या खोलीचं वर्णन करताहेत. मागच्या बोळात उघडणारं दार. बाजूलाच पाण्याचा नळ.

मी म्हटलं, "माझी घ्या."

बाळाजींना ठाऊक होतं ती कोणाची खोली. म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. घरी जा, विचार करा." मी घरी गेले नाही. सरळ दुकानात आले, कटिंगचं टेबल पुढे ओढलं. एकटीला ओढवेना, बाळाजी मागोमाग आले होते, त्यांनी दुसरी बाजू धरली.

हमीदाआंटींनी त्या खोलीचं भाडं त्याच दिवसापासून सोडलं. प्लंबिंगचं सगळं कमिटीने केलं. एक झाडूवाली बाई ठेवली, हैदराबादची, महमुदा नावाची. दार सकाळी आठला उघडतं.

मी ही खोली दिली त्याला आणखी एक कारण आहे. ते लिहायला मला अजून धीर होत नाही.

तुमची,
फ्लॉरेन्स


मनामा, ९ नोव्हेंबर १९८३

प्रिय मॅगीबाय,

आज दोन वर्षं झाली. सकाळी शर्लीला घेऊन कबरीवर जाऊन आले. इथलं सिमेंटरी छोटं आहे, झाड नाही, पण कोणीतरी सगळ्या कबरींवरची वाळू झाडून ठेवलेली असते. तुम्हाला तुमच्या भावाचं तोंड शेवटचं पाहता आलं नाही. नंदाखालला न्यायचं की इथेच, हे ठरवताना मी तुम्हाला विचारलं नाही. माझी मतीच चालत नव्हती. त्याची माफी मागते. पण आज पत्र त्यासाठी नाही.

रॉबर्टने तुम्हाला सांगितलं की कमिटीशी भांडून लान्सीचं हृदय बंद पडलं. रॉबर्ट तिथे नव्हता. मी होते. मीही तुम्हाला पुरतं सांगितलं नाही. तुम्ही त्या लोकांना दोष देत होता तेव्हा मी गप्प बसले, कारण त्यात माझी सोय होती.

कमिटीने त्या ऑक्टोबरात गल्लीच्या दोन्ही बाजूंना पिवळी रेघ मारली. रेघेबाहेर कोणी माल ठेवायचा नाही. सगळ्यांचीच टेबलं बाहेर असत. आमचं सर्वांत पुढे, वर तयार फ्रॉकचा रॅक, बाजूला दोन पुतळे झगे घालून उभे. लान्सी म्हणाला, "माल बाहेर दिसला नाही तर गिऱ्हाईक आत येईल कशाला?" त्याचं चुकत नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं होतं, घाबरला होता तो. बहुतेक जण कुरकुरत आत सरकले. लान्सी सरकला नाही. हमीदाआंटी दोनदा आल्या, समजावून गेल्या. तिसऱ्यांदा बाळाजी आले आणि म्हणाले, "लान्सी, उद्या कोणाच्या दुकानात आग लागली तर बंब कुठून येणार?" लान्सी म्हणाला, "तुझ्या घड्याळांना आग लागते काय?" शब्दाला शब्द वाढला. भांडण झालं ते हे. आठ नोव्हेंबरचं.

त्याच संध्याकाळी लान्सी एक साखळी घेऊन आला. टेबलाचा पाय आणि शटरची कडी एकत्र बांधून कुलूप घातलं, कोणी टेबल उचलून आत ठेवू नये म्हणून. मी पाहत होते. मी म्हटलं नाही की लान्सी, असं नको. उलट साखळी धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो कटिंगच्या खोलीत होता. मला "फ्लोरी" म्हणून हाक मारली. मी गेले तर टेबलावर आडवा झालेला, छाती धरलेली, घामाने निथळत. मी ओरडले. सर्वांत आधी कोण आलं असेल? बाळाजी. त्यांनीच पळत जाऊन टेलिफोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत कमानीपाशी आली. तिथपर्यंतच. आत येऊ शकत नव्हती. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं आली, तीही आमच्या दुकानापर्यंत पोचू शकली नाहीत.

आमचंच टेबल आडवं होतं, मॅगीबाय. कुलूप घातलेलं.

किल्ली लान्सीच्या पँटच्या खिशात होती. मी ती शोधली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्या खिशात हात घालत होते. कुलपापाशी आले तर किल्ली लागेना. बाळाजींनी माझ्या हातातून घेऊन कुलूप उघडलं. टेबल उलटं पाडलं, पुतळे पाडले. पडलेल्या सामानातून स्ट्रेचर आत येईना, म्हणून बटणवाल्याने दारामागची लांब फळी काढून आणली, लान्सीला तिच्यावर घेतलं आणि बाळाजींसह सहा जणांनी खांद्यांवर उचललं. पुढे जाणारे ओरडत होते, "हटो, हटो." काही टेबलं तरी अजून बाहेर होती, मोठमोठे पुठ्ठ्याचे खोके होते. दर थोड्या पावलांवर थांबावं लागलं. हमीदाआंटी त्या वयात पुढे धावत स्वतःच्या हातांनी लोकांचे खोके बाजूला फेकत होत्या. अत्तरवाल्याने आपल्या बाटल्यांचं टेबल लाथेने बाजूला केलं. बाटल्या फुटल्या, त्याने वळून पाहिलं नाही.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी आला असता तर कदाचित. "कदाचित" म्हणाले. मी तो शब्द दोन वर्षं धरून ठेवलाय, कोणालाही सांगितला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी एकेचाळीसही शटर खाली होती. तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले. गल्लीत रेघेबाहेर एकही टेबल नव्हतं. पाळत नाही, दंड नाही, कोणी सांगायला आलं नाही. सगळ्यांनी आपापली टेबलं आत घेतली होती. मला कोणी काही बोललं नाही. बाळाजींनी आमचं टेबल दुरुस्त करून आत ठेवलं होतं. साखळी कुठेच दिसली नाही. ती त्यांनी काय केली, मी आजवर विचारलेलं नाही.

माझा व्हिसा नवऱ्याच्या नावावर होता. महिन्याभरात निघावं लागलं असतं. तुम्ही लिहिलंत, परत ये. हमीदाआंटींनी मला विचारलंसुद्धा नाही, कागद करून आणले आणि म्हणाल्या, "दुकान में औरत का माप औरत लेगा, ये अच्छा है. सही करो." मी सही केली. तुमच्याकडे येऊन तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती, हेही खरं.

आता तुम्हीच ठरवा कोणाला दोष द्यायचा. मी मात्र आज सकाळी कबरीवर लान्सीसाठी प्रार्थना केली, मग त्या सहा जणांसाठी एकेकाचं नाव घेऊन. सहांतले चार मुसलमान आहेत, एक हिंदू, एक शीख. देवाला नावं कळली असतील.

फ्लॉरेन्स


मनामा, २० जून १९८५

प्रिय मॅगीबाय,

शर्लीला तुमचं वाढदिवसाचं कार्ड मिळालं. आत फक्त तिचं नाव, बाकी काही नाही. पण पत्त्याच्या जागी तुमच्या हाताने "द्वारा फ्लॉरेन्स" असं लिहिलंय. तो लिफाफा मी मशीनच्या खणात ठेवलाय. हसू नका.

दीड वर्ष पत्र लिहिलं नाही. मागचं पत्र टाकल्यावर वाटलं, आता लिहायचं ते सगळं लिहून झालं. पण इथे एक गोष्ट घडली, ती तुम्हालाच सांगावीशी वाटली.

आता दिवस पुन्हा कठीण आहेत. तेलाचा भाव पडला, ऑफिसांत लोक कमी करताहेत, आमच्या चर्चमधली किती घरं परत गेली. दोन गल्ल्यांपलीकडे निम्मी शटरं खाली आहेत. आमच्या गल्लीत एकेचाळीसपैकी अडतीस चालू आहेत. गुरुप्रसाद म्हणतात, हा चमत्कार नाही, ही झाडू आणि नळाची करामत आहे. बायका आमच्याकडे येतात, मुलांना घेऊन येतात, दोन-दोन तास थांबतात. आधी महमुदाकडे जातात, मग निवांत कापड बघतात. मूल हरवलं तर महमुदाकडेच आणून बसवतात, आई शोधत तिथेच येते. ईदला सगळ्या दुकानांनी एकाच रंगाचे दिवे लावले, गल्लीच्या तोंडाशी दुकानांच्या नावांचा फळा लावला, अरबी, इंग्रजी दोन्हीत.

आणि गल्लीचं चालू लागलं तसं सोन्याच्या बाजारातल्या एका बड्या सराफाचं लक्ष गेलं. बोळाच्या दाराची ती खोली आणि माझं दुकान एक करून त्याला शोरूम काढायची होती. हमीदाआंटींना त्याने सध्याच्या भाड्याच्या तिप्पट देऊ केलं. आंटींचाही खर्च आहे, मुलगा अमेरिकेत शिकतो. मला कळलं तेव्हा मी स्वतः त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "आंटी, तुम्ही द्या. मी तुमच्यामुळे इथे राहिले, तुमचं नुकसान नको."

त्यांनी मला खजूर आणि कॉफी दिली. मग म्हणाल्या, "वो आदमी मेरे को बोला, बाजार में हम्माम रखना शरम का बात है. मैं बोला, मेरा गल्ली में शरम खलास हो गया. जिस दिन लान्सी गया उस दिन."

सराफाला नकार गेला. पण आंटींनी तेवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या शुक्रवारी गुरुप्रसादांकडून कागद लिहून घेतला की गल्लीत दुकानं आहेत तोवर ती खोली बायकांचीच राहील. सगळ्या अडतीस जणांनी सह्या केल्या. बाळाजींनी इंग्रजी सही येत नाही म्हणून मोडीत केली. गुरुप्रसाद म्हणाले, ही कोणी वाचणार नाही. बाळाजी म्हणाले, "नका वाचू. माझी मला कळते."

मॅगीबाय, मी सही करताना लान्सीचं नाव लिहिणार होते. मग माझंच लिहिलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात शर्लीचं कन्फर्मेशन आहे. तुम्ही यावं असं तिला वाटतं. मला वाटतं असं लिहायचा मला अधिकार नाही, म्हणून तिचं नाव घालते. हमीदाआंटी व्हिसाचे कागद करायला तयार आहेत. तुम्ही फक्त पासपोर्ट काढा.

तुमची,
फ्लॉरेन्स


मनामा, २८ डिसेंबर १९८६

प्रिय मॅगीबाय,

तुम्ही सुखरूप पोचल्याची तार रॉबर्टच्या हॉटेलमध्ये आली, त्याने फोनवर वाचून दाखवली. नाताळच्या आत घरी पोचलात, बरं झालं. तुम्ही गेल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. शर्ली दोन दिवस रुसून होती. काल मला म्हणाली, "मम्मा, बायला पुन्हा बोलव." मराठीत म्हणाली.

तुम्ही तीन आठवडे राहिलात आणि पहिला आठवडा गल्लीत पाऊल टाकलं नाहीत. मी एकदाही विचारलं नाही. कबरीवर रोज गेलात, शर्लीसाठी मैद्याचे फुगे तळलेत, माझ्या चपात्यांना नावं ठेवलीत. रात्री जेवताना तुम्ही ताट पुढे केलंत की माझा जीव थोडा भांड्यात पडे.

आठव्या दिवशी तुम्ही आपण होऊन म्हणालात, "चल, दाखव."

नुकताच समुद्रावरचा नवा पूल सुरू झाला होता, सौदीहून मोटारी भरभरून माणसं येत होती, बाजारात मुंगीला वाट नव्हती. आणि त्या काळ्या अबायांमधून तुम्ही आपलं लाल चौकड्यांचं लुगडं नेसून चालला होता. लोक वळून बघत होते. अत्तरवाल्याने उठून सलाम केला. बाळाजींना मी सांगितलं, या लान्सीच्या बहीण. ते हातातलं घड्याळ ठेवून उभे राहिले. तुम्ही नुसतं त्यांच्या खांद्याकडे पाहिलंत. तेव्हा मला कळलं की तुम्ही माझी पत्रं वाचली आहेत.

मग तुम्ही मागच्या बोळातून खोलीत गेलात आणि आतून दार लावून घेतलंत. केवढा वेळ! बाहेर सहा बायका रांगेत उभ्या. महमुदा माझ्या तोंडाकडे बघते. मी बाहेर उभी राहून हातातली टेप नुसती गुंडाळत होते, सोडत होते. मला वाटलं, आता बाहेर येऊन तुम्ही मला सगळ्यांदेखत बोलणार. मी तयार होते.

तुम्ही आलात. डोळे पुसलेले, पदर खांद्यावर घट्ट. म्हणालात, "फरशी निसरडी आहे. एखादं म्हातारं माणूस पडेल. आणि तान्हं मूल घेऊन बाई आली तर तिने ते ठेवायचं कुठे? डोक्यावर?"

एवढंच. आणि चालू लागलात. मी त्या वेळी खुळ्यासारखी उभी राहिले. परवाच्या शुक्रवारी ते मीटिंगमध्ये सांगितलं. कोणी वाद घातला नाही. खरखरीत लाद्या काल बसल्या. भिंतीला लागून मूल निजवायला कडांची एक फळी केली आहे, सुताराने कोपरे गोल केलेत. गुरुप्रसादांनी रजिस्टरमध्ये सूचना कोणाची म्हणून विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. त्यांनी ते नीट लिहून घेतलं.

मॅगीबाय, या गल्लीतल्या माणसांचे आभार मी गेली पाच वर्षं मनात मानत आलेय. त्यांना तोंडाने सांगायला गेलं की ते हात झटकतात, चहा मागवतात. पण लान्सीला कात्री धरायला तुम्ही शिकवलंत, मला मशीन चालवायला तुम्ही शिकवलंत. तुम्ही शिकवलेल्या कामावर मी इथे उभी राहिले, नाहीतर हमीदाआंटींनी तरी कागद कशावर केले असते? ते तुम्हाला समोर सांगायचं होतं. विमानतळावरसुद्धा जमलं नाही. तुम्ही शर्लीची वेणी घालत बसलात.

हमीदाआंटी आज दुकानात आल्या होत्या. इतके दिवस त्यांनी मला एक गोष्ट सांगितली नव्हती. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी इस्त्रीवाल्याकडे गेले होते, तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे गेलात. तुमचं हिंदी त्यांच्यापेक्षाही मोडकं. तुम्ही एवढंच विचारलंत, "मेरा भाई को किधर से ले के गया?"

त्यांनी तुमचा हात धरला आणि दुकानाच्या दारापासून तुम्हाला घेऊन निघाल्या. बाळाजींच्या दुकानावरून, अत्तरवाल्यावरून, कापडवाल्यांमधून, सोन्याच्या बाजारातून थेट कमानीपर्यंत. ईदसारखी गर्दी होती, तरी मधे कुठे टेबल नव्हतं, खोका नव्हता. आंटी म्हणाल्या, तुम्ही अगदी सावकाश चाललात, आणि पूर्ण वाटेत कुठेही थांबावं लागलं नाही.

तुमची,
फ्लोरी